चांगल्या दिवसांची चौकशी

पोळ्या लाटताना माझा हात मध्येच थांबायचा. काहीतरी नाहीसे झाले आहे एवढेच जाणवायचे. काय, ते उमगायला एक क्षण लागायचा. बैठकीच्या खोलीतून येणारी संगणकाची गुणगुण मंदावलेली असायची. दिवसभर सोबत करणारा तो स्वर, ज्याच्याकडे एरवी माझे लक्षही जात नसे, विरल्यावर मात्र घरभर जाणवे. कूलर आवरून ठेवलेले, छताचे पंखे बंद, खिडकीच्या जाळीतून आत सांडणारे आश्विनातले मऊ ऊन, आणि त्या उन्हात अवचित उतरलेली ती शांतता! आणखी एखादी पोळी तव्यावरून उतरेपर्यंत आतून माझ्या मुलीची, सईची, हाक यायची, ‘आई, गेला परत.’ मी पिठाचे हात झटकत जायची. पडद्यावर तिने रेखाटलेली कमळे अर्धवट उमललेली असत आणि बाण एका पाकळीच्या टोकाशी खिळून राहिलेला असे.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. माझे यजमान सैन्याच्या सिग्नल दलात होते. फिरत फिरत जयपूरला आलो आणि इथलेच झालो. आता ते विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात देखभालीचे काम पाहतात, आणि मी इथल्या एका महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवते. न्याय म्हणजे कोर्टातला नव्हे हो; तर्काचे जुने संस्कृत शास्त्र, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असलाच पाहिजे असे अनुमान करणारे. सई इथेच वाढली. तिची मराठी आमच्या घरातलीच, पण प्रत्येक वाक्याच्या उंबऱ्यावर एक ‘मतलब’ उभा असतो. कापडावरच्या छपाईचे शिक्षण घेऊन ती नुकतीच मोकळी झाली होती, आणि चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका छपाईच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी, शारदाजींनी, तिच्यावर विश्वास टाकला होता. बुट्टे, वेली, किनारी मिळून नक्षीचा एक पूर्ण संच तिने करून द्यायचा होता. ‘देवउठनी से पहले मुझे पूरा चाहिए, बेटा. फिर शादियों का काम शुरू हो जाता है,’ त्या म्हणाल्या होत्या. देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. तो पसंत पडला तर सई त्यांच्याकडे नक्षीकार म्हणून रुजू होणार होती. नाही तर पुण्याला मामाचे ऑफिस होतेच. तिथे एक खुर्ची तिची वाट पाहत होती, आणि त्या खुर्चीची धास्ती सईपेक्षा मलाच अधिक होती.

संगणक बिघडू लागला तो दसऱ्यानंतर. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा करायची आमच्या घराची रीत आहे. यजमानांचे पाने-पक्कड, माझी पुस्तके, स्वयंपाकघरातली विळी, आणि यंदा सईचा संगणक. तिनेच हौसेने त्याला झेंडूचा हार घातला, गंध लावले. इथे आपटा मिळत नाही, म्हणून आम्ही कचनारची पाने वापरतो. तीही त्याच्यापुढे ठेवली. कुंकवाने ओल्या केलेल्या अक्षता आम्ही तिघांनी मनोभावे वाहिल्या. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याचे हे गोठणे सुरू झाले. कधी पडदा थिजे, कधी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि कधी दिवसभर जणू काही घडलेच नाही अशा निरागसपणे चाले.

सततचे दुखणे परवडते. त्याला नाव देता येते, त्याच्याशी भांडता येते, निदान त्याच्यासोबत राहायची सवय तरी होते. पण येत-जात राहणाऱ्या दुखण्याने माणूस आतून पोखरला जातो, कारण बरे वाटत असतानाही त्याचे कान पुढच्या कळेकडेच लागलेले असतात. सईचे तसेच झाले. ती एक रेघ काढायची आणि जतन करायची, दुसरी काढायची आणि जतन करायची. जिच्या हातातून वेली अशा सरसर सुटायच्या ती आता भीत भीत एकेक पान काढत होती, आणि ते भय नक्षीतही दिसू लागले होते. मला ते पाहवत नव्हते.

उपाय आम्ही थोडे का केले? आधी सईने तिचा चित्रांचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. मग व्हायरस शोधून पाहिला. एकही सापडला नाही. मग यजमानांनी सूत्रे हाती घेतली. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची,’ हे त्यांचे सैन्यातले व्रत. त्यांनी पेटी आडवी करून उघडली, मेमरीची पट्टी बाहेर काढली, तिचे पिवळे दात खोडरबराने घासून लख्ख केले आणि जागच्या जागी बसवली. त्या दिवशी संगणक असा काही चालला की आम्ही श्रीखंड आणून साजरे केले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा गोठला, आणि उरलेले श्रीखंड कुणाला गोड लागेना. मग विजेवर संशय आला. फ्रिजच्या लाइनीवरचा प्लग नको म्हणून अख्खी पेटी उचलून खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी नेली. पुन्हा एक दिवस सुखाचा, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे तो इतका शहाण्यासारखा वागला की दुकानदार माझ्याकडेच संशयाने पाहू लागला. ‘मैडम, इसमें तो कुछ है ही नहीं.’ घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रुसला, तेव्हा त्याच दुकानदाराने पेटी न उघडताच फोनवर निदान केले, ‘तो फिर बोर्ड गया होगा. नया ले लो.’

नवाच घेऊ, असे मीही म्हटले. पण सईने मान हलवली. खिडकीशी बसून ती शांतपणे म्हणाली, ‘नवा आणला तरी तेच होईल, आई. आपण त्याची पूजा केली, तरी तो असा करतो. मतलब, हा इशाराच आहे ना? हे काम माझ्यासाठी नाहीये. मी शारदाजींना नाही म्हणून सांगते आणि पुण्याला जाते.’

बिघाड यंत्रातून निघून माझ्या मुलीत शिरला होता. यंत्र बदलता आले असते, पण तिच्या मनात रुजलेले हे अनुमान कोण बदलणार? आणि ते अनुमान चुकीचे होते, हे मला शास्त्रानेच कळत होते. पूजेनंतर बिघाड झाला, म्हणून पूजेने अपशकुन कळवला, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात उभे केले असते. पण पोटच्या मुलीला वर्गात उभे करून भागत नाही. तिच्यापुढे खरे कारणच आणून ठेवायला हवे होते, हातात धरता येईल असे. मी तिच्याकडून फक्त उद्याचा दिवस मागून घेतला. तिने खांदे उडवले, म्हणजे मागणे मंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी यजमान कारखान्यात गेले, सई मैत्रिणीकडे गेली आणि मी त्या पेटीसमोर मांडी घालून बसले. संगणकाचे मला काय कळते? पण कार्य आणि कारण यांचे थोडेफार कळते. आमच्या शास्त्रात कारण ठरवायला दोन पाय लागतात. एक अन्वय: ते असले की हेही असते. दुसरा व्यतिरेक: ते नसले की हेही नसते. इतके दिवस आम्ही तिघे एकाच पायावर लंगडी घालत होतो. तो गोठतो तेव्हा काय घडते, एवढेच विचारत होतो. तो नीट चालतो तेव्हा काय असते, हे कुणी विचारलेच नव्हते. माणसाचे असेच होते, नाही का? वाईट दिवसांची आपण उलटतपासणी घेतो आणि चांगल्या दिवसांना मुकाट्याने जाऊ देतो. तब्येत बरी असली की कुणी तिला का बरी आहेस असे विचारत नाही. सुखाची चौकशी करणे आपल्याला जरा अपशकुनीच वाटते.

मी चांगले दिवस आठवू लागले. खोडरबराच्या दिवशी तो नीट चालला. भिंत बदलली त्या दिवशी चालला. दुकानात चालला. रबर, भिंत, दुकान. या तिघांत समान असे काय होते? पहिल्यांदा पेटी आडवी केली होती. दुसऱ्यांदा उचलली होती. तिसऱ्यांदा मोटारीतून खड्डे खात गेली होती. आणि मला एकदम लख्ख दिसले. त्याला बरे करत होते ते रबर नव्हे, भिंत नव्हे, दुकानदार तर नव्हेच. तो हलवल्याने बरा होत होता. म्हणजे आत काहीतरी सुटे होते, जे हलवले की बाजूला सरकत होते आणि नंतर पुन्हा आपल्या जागी येऊन बसत होते.

त्याच ओघात पोळ्यांची आठवण झाली. शांतता आधी यायची, हाक नंतर. यंत्र गोठल्यामुळे ते मूक होते असे मी समजत होते, पण ते मूक झाल्यामुळे गोठत होते! मी ज्याला परिणाम मानले तेच कारण होते. गुणगुणतो तो पंखा. पंखा थांबला की आतला गाभा, म्हणजे प्रोसेसर, तापणार आणि तापला की गोठणार. प्लग काढला, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि बॅटरीचा प्रकाश आत टाकला. जयपूरची तांबूस, पिठासारखी धूळ सगळीकडे बसलेली. गाभ्यावरच्या पंख्याची पाती बोटाने हलकेच फिरवली. फिरली. पुन्हा फिरवली, आणि एका जागी अडली. मी वाकून पाहिले. पाते आणि चौकट यांच्यामधल्या फटीत, धुळीच्याच रंगाचा, कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा बसलेला होता.

अक्षता! पेटीच्या माथ्यावर हवेसाठी जाळी असते, आणि आम्ही तिघांनी भक्तिभावाने तिच्यावरच मुठी रिकाम्या केल्या होत्या. मी एकटीच मोठ्याने हसत सुटले. चिमट्याने तो दाणा काढला, वाटीत ठेवला, तळाशी पडलेली त्याची भावंडेही वेचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा न्यायशास्त्राच्या पदवीचा मला असा ताठ, निर्लज्ज अभिमान वाटला.

संध्याकाळी दोघे आल्यावर मी वाटी पुढे केली. यजमानांनी डोक्याला हात लावला. ‘मी पेटी उघडली होती, आणि मला हे दिसू नये?’ सई मात्र दाण्याकडे पाहत म्हणाली, ‘एवढ्याशा तांदळाने? आई, मतलब, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस.’

‘नाही. तुझ्यासमोर सिद्ध करते,’ मी म्हटले.

संगणक बंद करून तोच दाणा मी त्याच फटीत बसवला आणि यंत्र सुरू केले. यजमान ‘जळेल ते’ म्हणत होते. मी म्हटले, इतके दिवस नाही जळले, आजही जळणार नाही. सईला तिची कमळे उघडायला सांगितली. पंखा थोडा फिरला, कचरला, थांबला. ती चित्र काढत राहिली, मी तिच्या खांद्यामागे उभी राहिले. चहा निवेपर्यंत बाण खिळला. यंत्र बंद केले, दाणा काढला, पुन्हा सुरू केले. गुणगुण भरून आली आणि जेवायची पाने वाढली तरी थांबली नाही. सईने पुन्हा करून पाहायला लावले, आणि या वेळी दाणा तिने स्वतः ठेवला, स्वतः काढला. ठेवला की गोठतो, काढला की चालतो. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही पाय जमिनीवर.

‘हा इशारा नव्हता, सई,’ मी म्हटले. ‘आपणच वाहिलेली अक्षता होती.’ तिने दाणा परत वाटीत टाकला आणि अशी हसली की माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरच्या दिवसांत तिच्या हातून ज्या वेली सुटल्या त्या मी विसरणार नाही. भ्यायलेली पाने तिने पुसून टाकली आणि नव्याने, धीट रेघांनी काढली. देवउठनीच्या आधी आम्ही दोघी ई-रिक्षाने चारदीवारीत गेलो. शारदाजींनी एकेक नक्षी पाहिली आणि ठसे कोरणाऱ्या कारागिराला हाक मारून म्हणाल्या, ‘यह बेल कल से लकड़ी पर उतारो.’ परतताना सईने माझा हात धरला होता, लहानपणी मेळ्यात धरायची तसा.

मध्यंतरी एका रविवारी आतून पुन्हा तेच शब्द आले, ‘गेला परत.’ हातातले काम टाकून, बॅटरी घेऊन मी मोठ्या रुबाबात आत गेले. सई आधीच जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि झाकणाचे स्क्रू तिच्या ओढणीवर ओळीने मांडलेले होते. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. ‘तू बस, आई,’ ती वर न पाहताच म्हणाली, ‘मी बघते. आधी मला आठवू दे, हा शेवटचा नीट कधी चालला होता.’ मी बॅटरी तिच्या हाताशी ठेवली आणि मागच्या खुर्चीवर बसून राहिले. माझ्यावाचून तिचे अडत नव्हते, आणि ते पाहताना मला फार फार बरे वाटत होते.