व्हर्नाच्या गुडघ्यावरची थाप

सिएटलमध्ये दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या मंडळींचा जो जिव्हाळ्याचा परिवार आहे, त्यात व्हर्ना लिंडक्विस्ट यांचे स्थान वडीलधाऱ्याचे. उतारवयातही दर शनिवारी त्या फेरीबोटीने खाडीपलीकडच्या ब्रेमर्टनला ओपल ट्रेविन्योकडे जात. ओपलचीही अवस्था तीच. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसत. एकीने दुसरीच्या तळहातात खुणांनी बोलावे, आणि ऐकणारीने मोकळ्या हाताने बोलणारीच्या गुडघ्यावर थापा द्याव्यात. हलकी थाप म्हणजे ‘ऐकते आहे’. बोटांनी गुदगुल्या केल्या की ते हसू. थाप थांबली की बोलणारीनेही थांबावे, हा या मंडळींचा शिष्टाचार. ऐकणारे कोणी नसता बोलत राहणे, यासारखे दैन्य त्यांच्या लेखी दुसरे नाही.

“हात धुतलेस का गं? दालचिनीच्या पावाचा पाक माझ्या मनगटापर्यंत आलाय,” व्हर्ना म्हणत.

“चाटून घे. फुकट आहे.”

पुढे व्हर्नांनी नव्या तऱ्हेचा फोन घेतला. संदेश येताच तो हातात थरथरे, आणि त्याला जोडलेल्या पट्टीवर ब्रेलचे ठिपके बोटांखाली उभे राहत. व्हर्नांना त्याचे अपार कौतुक. बस कोठवर आली, अलास्कातला भाऊ कसा आहे, सारे बोटांच्या अग्रावर. ओपलनेही तो घ्यावा म्हणून त्या हट्टालाच पेटल्या.

“यातून तुझा हात कसा येणार?” ओपलने विचारले.

“हात कशाला हवा, म्हातारे? शब्द येतात ना. थंडीत बोटीवर कुडकुडणं तरी वाचेल.”

“तुझं वाचेल. मी तर घरातच असते.”

शनिवार हळूहळू सुटत गेले. ओपलनेही घेतलेल्या फोनवरून तिचे संदेश मात्र नित्य येत, आणि त्यांतला खट्याळपणाही जुनाच. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला ‘ठणठणीत’ हे ठरलेले उत्तर. बोटांखालचे ठिपके सदैव तेवढेच टणक.

वसंतात ओपलच्या भाचीचा, रोझालिंडचा संदेश आला: ‘मावशीला एकदा भेटून जा.’

ब्रेमर्टनला ओपलच्या खोलीत व्हर्नांच्या तळहातात कोणीतरी हात ठेवला. नुसती हाडे, वर सैल कातडी. बोटात ओपलची ती ओळखीची अंगठी नाही. त्यांनी सौजन्याने खुणावले, “नमस्कार, मी व्हर्ना. आपण कोण? ओपल कुठं आहे?”

त्या हाताने व्हर्नांच्या मनगटावर मांजरीसारखे दोनदा ओरखडले. परिवारात ओपलची ओळख याच स्पर्शाने होती.

“मीच गं. अंगठी गळून पडायला लागली, काढून ठेवली.”

जिथे हात हीच मुखमुद्रा, तिथे जिवलग मैत्रिणीच्या तोंडावर ‘आपण कोण’ असे विचारले गेले होते.

“आजारी आहेस हे सांगितलं का नाहीस?” व्हर्नांनी विचारले.

“तू विचारायचीस तेव्हा माझा हात तुझ्या हातात नसायचा. खोटं बोलायला सोपं गेलं.”

व्हर्नांनी तो हात गालाशी धरला.

“रडू नकोस, पाकापेक्षा चिकट होईल,” ओपल म्हणाली. “तू बोल. माझ्यानं आता फार बोलवत नाही. ऐकते मी.”

व्हर्ना बोलू लागल्या. बोटीवरचा वारा, शेजारच्या प्रवाशाने त्यांच्या पायावर सांडलेले माशाचे सूप, भावाची नवी तक्रार. गुडघ्यावर थाप पडत होती. एकदा अस्पष्ट गुदगुल्याही झाल्या. मग थापा विरळ झाल्या, आणि शेवटी बोटे नुसती गुडघ्यावर टेकून राहिली.

शिष्टाचाराप्रमाणे आता थांबायला हवे होते. व्हर्ना थांबल्या नाहीत. सुटलेल्या साऱ्या शनिवारांचे बोलणे अजून उरलेले होते.