सोड्यांची बरणी

हॉस्पिटलातून माझ्या नवऱ्याचा फोन आला, ‘नझीर गेला.’ मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडू काही आलं नाही. रियाधमधल्या त्या हॉस्पिटलच्या खेपा घालून घालून माणूस आतून सुकून जातो. आता महिना उलटला, तरी शीण जात नाही.

नझीर माझा धाकटा भाऊ. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. त्याचा सगळा जीव कोलंबीत, आणि मला एक तुकडा जरी लागला तरी अंगभर गांधी उठतात. ‘कोकणात जन्मून कोलंबी चालत नाही! आपा, तुला नक्की बदलून आणलंय,’ असं लहानपणापासून चिडवायचा. इथे रियाधच्या ओलाया भागातल्या एका कंपनीत तो हिशेब बघायचा. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या सौदीकरणात ती खुर्ची गेली आणि त्याच सुमारास रक्ताचा कॅन्सर निघाला. दुष्काळात तेरावा महिना! कफील, म्हणजे ज्याच्या नावावर इथला व्हिसा असतो तो मालक, मात्र भला माणूस. उपचार चालू असेपर्यंत त्यानं इकामा, इथे राहायचा परवाना, काही बंद केला नाही.

डॉक्टरांनी दोन उपचार एकामागोमाग जोडले. आधी नझीरच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढल्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवलं आणि परत दिल्या. आजार दबला. तो पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून मग माझ्या स्टेम सेल दिल्या. म्हणजे यापुढे त्याचं रक्त माझ्या पेशींनी बनवायचं. ‘मेलो! आता तुझ्यासारखा खडूस होणार मी,’ म्हणाला.

घरचं खायची परवानगी मिळाली तेव्हा अम्मीनं पाठवलेल्या सुक्या कोलंबीची, सोड्यांची, खिचडी केली. अर्थात हातमोजे घालून. चार घास खाल्ले आणि त्याच्या दंडावर गांधी! मी हादरलेच. डॉक्टर म्हणाले, देणाऱ्याची ॲलर्जी कधीकधी अशी उतरते, पुन्हा खाऊ नका. आणि हा वेडा खूश. ‘आपा, लागल्या गो तुझ्या पेशी!’

मग हॉस्पिटलातून सुटून आमच्याकडे राहायला आल्यावर माझा डोळा चुकवून अधूनमधून एखादा सोडा तोंडात टाकायचा आणि खाजवत हसत बसायचा. मी ओरडायचे, ‘जिवाशी खेळ आहे हा!’ पण मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी तसाच ओट्याशी आला. सोडा खाल्ला, बाही वर केली आणि दंडाकडे बघत बसला. मीही बघत राहिले. काहीच उठलं नाही.

‘आपा, आज खाजत नाही गो...’

तपासणीत तेच निघालं. माझ्या पेशी मागे हटत होत्या, आजार परतला होता. नंतर माझ्या रक्तातल्या लढाऊ पेशीही देऊन पाहिल्या. नाही जमलं. मला माझ्याच रक्ताचा राग आला... अजून येतो.

बरणी ओट्यावरच आहे. नवरा म्हणतो, कुणाला तरी देऊन टाक, आता या घरात खातंय कोण. खरंच आहे. परवा मी हातमोजे न घालताच झाकण उघडलं आणि आत हात घातला. मनगटापर्यंत गांधी उठल्या. तिथेच खाजवत बसले, आणि तेव्हा कुठे रडू आलं.