कोपराएवढी चूल

चुलीतल्या भाताच्या तुसाचा धूर नाकात गेला की कुंभकोणमचं आमचं परस आठवतं. गॅससाठी नंबर लावून वर्षं झाली होती, आणि जमिनीवरच्या चुलीपुढे उकिडवं बसून आईचे गुडघे पार गेले होते. शेवटी तिनं गवंडी बोलावला, उभ्या उभ्या कोपर वाकवून दाखवलं आणि तमिळमध्ये ठणकावलं, “चूल एवढी उंच हवी.” आजोबा ओसरीवरून गरजले, “उभ्यानं रांधलेलं देवाला चालत नाही!” “बरं मामंजी,” आई म्हणाली, “देवापुरती चूल आत राहू दे. माणसांची मी बाहेर बांधते.” आणि बांधूनच घेतली, परसात, नारळाखाली, कावेरीच्या गाळानं लिंपलेली. आजोबांनी हट्टानं आतल्या चुलीवरचंच जेवायचं ठरवलं. आईनं नैवेद्याचा मूठभर भात त्यांना वाढला आणि बाहेर जाऊन वांग्याच्या सांबाराला फोडणी दिली. वास घरभर झाला. जरा वेळानं आजोबा केळीचं पान दोन्ही हातांवर तोलत परसात आले. आई पळी घेऊन ताठ उभी. “मामंजी, हे उभ्यानं रांधलेलं आहे,” ती म्हणाली, आणि ते “वाढ” म्हणेपर्यंत तिनं पळी हलवली नाही. परवा माझ्या स्वयंपाकघराचा ओटा घालायला आलेला माणूस मला ठरलेली उंची सांगू लागला, तेव्हा मी फक्त कोपर वाकवलं.