बशीखालचा कागद

मुलांनो, तिचे नाव लिहीत नाही. तिनेही माझे लिहून घेतले नाही; तसा त्यांच्या अभ्यासाचा नियम असतो म्हणे.

ती शहराबाहेरच्या वाडीहून आली होती. रक्तदाबाच्या गोळ्या माणसे मधेच का सोडतात, हे त्यांच्याशी बोलून समजून घ्यायला ती शिकत होती, आणि माझी मुलाखत ही तिची पहिलीच होती. मी आदल्या दिवशीच फोनवर प्रश्न विचारून घेऊन उत्तरे क्रमवार, इंग्रजीत लिहून ठेवली होती. गोळ्यांपुढे लिहिले होते, रेग्युलर.

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. "अक्षर लय सुंदर आहे, आजी," म्हणाली आणि तो अलगद चहाच्या बशीखाली ठेवला. "आता काल उठल्यापासून काय काय केलं, ते सांगा ना."

मी सांगत गेले. चहा, पूजा, मग सीताबर्डीच्या बाजारात अस्तराचे कापड आणायला.

"अन् सकाळची गोळी?"

"बाहेर जायचं असलं की नाही घेत. तिने सारखं लघवीला होतं. बाजारात बाईमाणसाने जायचं कुठे?"

"हे डॉक्टरले सांगितलं?"

"त्यांनी विचारलंच नाही."

ती हसली. "कागदावर तुम्ही पास होत्या, आजी. तेवढाच घेऊन गेली असती तर मीच नापास झाली असती."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली.

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "कशी आहेस?" आणि मी म्हणते, "मजेत." या रविवारी विचारा, काल काय केलंस?