मुंजीच्या आठवड्यातली बाळंतीण

माझ्या धाकट्या भावाची मुंज वैशाखात ठरली, तेव्हा मी दोन वर्षांत माहेराचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही ठाण्याला तलावाच्या पलीकडच्या अंगाला राहायचो. घरात माणसं मोजकीच. सासूबाई, आमचे हे, चार वर्षांची मुलगी आणि अंगावर पिणारा मुलगा. हे कचेरीत कारकून होते. माहेर खडवलीच्या आतल्या बाजूला. खडवलीपर्यंत आगगाडी आणि पुढे बैलगाडी, म्हणजे फार लांब नव्हतंच. पण घरातून पाय काढायचा तर मागचं सगळं लावून निघावं लागे, आणि ते कधी लागून होतच नसे.

या खेपेस मात्र सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "शनिवारची मुंज ना? मग गुरुवारी जा. थोरली बहीण नको का जवळ? चार दिवस मी बघते."

सासूबाई सोवळ्यातल्या. गुडघे धरलेले, खाली बसल्या की उठताना भिंतीचा आधार घ्यायच्या. त्यांच्यावर चूल टाकून जायचं तर बाकीचं काम त्यांच्यापुढे येता कामा नये, म्हणून मी अख्खा आठवडा मनाशी आखून ठेवला. सोमवारी दळण उरकायचं. मंगळवारी पापड. बुधवारी गोधड्या धुवायच्या, मेतकूट करून ठेवायचं, पोरांची आंगडी-टोपडी बांधायची. गुरुवारी सकाळी बाबा न्यायला येणार होते. सोमवारी जात्यावर बसले तेव्हा हात भरून आले होते, तरी ओव्या आपोआप तोंडात येत होत्या. त्या आठवड्यातलं माझं गाणं काय ते तेवढंच.

मंगळवारी दुपारी मी मागच्या अंगणात पापड वाळत घालत होते. मुलगी काठी घेऊन कावळे हाकत होती. तेवढ्यात पुढच्या दाराशी बैलगाडी थांबल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर वन्सं. सासूबाईंची एकुलती लेक, भिवंडीला दिलेली. आठवा महिना लागलेला. बाळंतपणाला आमच्याकडेच यायच्या होत्या, पण अजून महिन्याभरानं.

गाडीवानानंच सांगितलं, "आळीत पटकी झालीय. शेजारच्या घरात दोन माणसं गेली. यांच्या सासऱ्यांनी लगोलग पाठवून दिलं."

वन्सं उतरल्या त्या माझा खांदा धरूनच. चेहरा पांढराफटक. खाडीपर्यंत गाडीचे धक्के, मग होडी, मग पुन्हा गाडी. "वहिनी, पाणी दे गं," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना पाणी दिलं, हातपाय धुवायला गरम पाणी दिलं, अंथरूण घातलं. परत अंगणात आले तर मुलगी पुढच्या दारी पाहुणी बघायला पळालेली आणि निम्म्या पापडांवर कावळ्यांचे पाय उमटलेले. तेव्हा मला त्याचंच वाईट वाटलं. पुढचं काही सुचलंच नव्हतं. वन्सं आल्या हे बरंच झालं, सासूबाईंना सोबत झाली, असंच मी मनाला सांगत होते.

बुधवारी उजाडता उजाडता वन्संच्या पोटात दुखायला लागलं.

आमची नेहमीची सुईण कुणाच्या लग्नाला कल्याणला गेलेली. ह्यांनी इकडे तिकडे विचारून शेवटी किरिस्तांवांच्या वाडीतली एक सुईण आणली. सासूबाई क्षणभर दारातच थबकल्या. मग बाजूला होऊन म्हणाल्या, "ये बाई. माझी लेक आहे." सुईणीनं वन्संच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "नको भिव गो बाय. घाई झालीय त्याला, दुसरं काय नाय."

दुपारी मुलगी झाली. एवढीशी. सुपातल्या फडक्यात निजवली तर सूप रिकामंच वाटावं. रडली तीही मांजराच्या पिल्लासारखी. पण रडली.

आमचं घर मग दोन भागांत वाटलं गेलं. चुलीकडची बाजू सासूबाईंची, बाळंतिणीची खोली माझी. मी बाळंतिणीला शिवलेली, तेव्हा स्वयंपाकघरात पाय टाकायची सोय राहिली नाही. माझ्याकडे शेक, धुरी, बाळोती, वन्संचं न्हाणं, आणि माझी दोन. सासूबाईंकडे रांधणं, बाळंतिणीचं पथ्याचं वेगळं, देवाजवळचं बंद. पाणी कोण भरणार हा प्रश्न कुणी काढलाच नाही. आळी जागी व्हायच्या आत हेच मागच्या विहिरीवर जाऊन रहाट ओढत आणि घागरी परसदारी ठेवून देत. शेजारच्या बाईनं पाहिलं असतं तर त्यांना कचेरीत तोंड दाखवणं जड झालं असतं.

संध्याकाळी सुईण पुन्हा बघायला आली. बाळ मधाचं बोट चाटत होतं, पण वन्संना पान्हा फुटला नव्हता आणि अंगात कणकण होती. सुईणीनं एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा माझ्या कडेवरच्या मुलाकडे.

"तुज्या अंगावर पितंय ना तुजा पोर?" तिनं मला विचारलं.

मी मान हलवली.

"मग घे हिला. मधावर किती जगल ती?"

मी दाराकडे पाहिलं. सासूबाई उंबऱ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली. मी बाळ पदराखाली घेतलं. तिला ओढायचीसुद्धा ताकद नव्हती. मीच थेंब थेंब तिच्या तोंडात पिळला. माझा मुलगा ते बघून असा भोकाड पसरून रडला की वन्संही तोंड फिरवून रडायला लागल्या.

गुरुवारी सकाळी बाबा आले.

ओटीवर घोंगडी घातली होती तिच्यावर बसले. बरोबर करवंदांची पाटी आणली होती, वर पळसाची पानं झाकलेली. मी दाराच्या आत उभी राहिले. मी जवळ येत नाही हे पाहून त्यांनी विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

"बाबा, वन्सं बाळंत झाल्या. काल."

"कालच?" ते हसले. "काय झालं?"

"मुलगी. दिवस भरले नव्हते. वन्संना दूध नाही, माझ्यावरच आहे ती."

त्यांचं हसू हळूहळू मावळलं. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. बराच वेळ ते त्याच्या घड्या नीट करत राहिले.

"म्हणजे येणं होत नाही," ते शेवटी म्हणाले.

"कशी येऊ?"

"नाहीच येता येणार." मग जरा थांबून, "तुझ्या आईनं चार दिवस आधीच दारात रांगोळी घालायला सुरुवात केलीय. तुला आवडते ती वेलाची."

मागे मुलगी येऊन उभी राहिली होती, केस पिंजारलेले. त्या दोन दिवसांत तिच्याकडे बघायला मला फुरसत झाली नव्हती. मी एकदम म्हटलं, "बाबा, हिला न्या."

"इतकी लहान? राहील?"

"राहील. इथं तरी कोण बघतंय तिच्याकडे?"

बांधायचं तसंच राहिलं होतं. एक परकर-पोलकं तेवढं सापडलं. वेणी घालायलाही जमलं नाही, बाबांनीच हातानं केस मागे सारले. ती आजोबांचं बोट धरून निघाली आणि वळणापर्यंत तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. मला वाटलं होतं रडेल. तिचं रडं ऐकायची माझी तयारी होती, न रडण्याची नव्हती.

शनिवारी मुहूर्त सकाळचा होता. मी विहिरीजवळ बाळोती धूत होते. उन्हाच्या कलावरून वेळ कळली. आता अंतरपाट धरला असेल, भटजी मंगलाष्टकं म्हणत असतील, आई हातात अक्षता घेऊन उभी असेल असं मनात आलं. हातातलं बाळोतं पिळलेलं तसंच राहिलं. मग आतून दोन्ही मुलं एकदम रडायला लागली. कोणाला आधी घ्यायचं या विचारात मुहूर्त कधी टळला ते कळलंही नाही.

त्या दिवसांतली झोप म्हणजे बसल्या बसल्या लागलेली डुलकी. रविवारी दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते, एका मांडीवर माझा मुलगा, दुसरीवर ती. डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन खोलीच्या मधून भिंतीपर्यंत सरकलं होतं. दारात सासूबाई बसल्या होत्या. पुढे माझ्यासाठी वाढलेली पत्रावळ, आणि त्या पदरानं तिच्यावरच्या माशा वारत होत्या. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. खाली बसणं म्हणजे त्यांना केवढी शिक्षा, ते मला ठाऊक होतं. आणि त्या स्वतः अजून जेवल्या नव्हत्या.

"हाक मारायची होतीत, सासूबाई," मी म्हटलं.

"जेव आता. गार झालंय." मग भिंत धरून उठता उठता म्हणाल्या, "तुझं माहेरचं राहिलं."

एवढंच. त्या दुपारी मी जेवताना रडले खरं, पण ते मुंज चुकली म्हणून, की पाठ दुखत होती म्हणून, ते मला आजही नक्की सांगता यायचं नाही.

आठवड्याभरानं बाबा मुलीला परत घेऊन आले. मी तिला मांडीवर ओढून मुंजीचं विचारलं. आई कोणतं लुगडं नेसली होती? मामाचं मुंडण झालं तेव्हा तो रडला का? मातृभोजनाला कोण कोण बसलं होतं? तिला फक्त मांडवात शिरलेली शेळी आठवत होती. शेळीनं केळीचे खुंट खाल्ले, भटजी ओरडले, शेळी पळाली. पुन्हा पुन्हा तेच सांगत होती आणि हसत होती.

वन्संना पंधराएक दिवसांनी पान्हा फुटला, तोही जेमतेम. बाळानं हळूहळू बाळसं धरलं. भिवंडीची साथ ओसरल्यावर बाळाचे वडील न्यायला आले तोवर तिच्या मनगटाला वळी पडायला लागली होती. निघताना वन्सं माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांचे हात धरले.

"हे काय, वन्सं? तुम्ही मोठ्या."

"तू गप गं," त्या म्हणाल्या आणि वाकल्याच.

ती मुलगी वाचली, मोठी झाली, आता कल्याणला तिचा संसार आहे. काही मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. दूध होतं, दिलं. दमणूक मात्र खरी. ती पुढे कित्येक महिने अंगातून गेली नाही.

माहेरी मी गेले ती दिवाळी झाल्यावर. काय काय बोलायचं ते मनात साठवून ठेवलं होतं. पण तिथं पोचले, हातपाय धुतले, माजघरात जमिनीवर पदर टाकून पडले, ती झोपलेच. दुसऱ्या दिवशीही जेवून पुन्हा झोपले. भाऊ संध्या करायला बसला की पुटपुटणं कानावर यायचं, तेवढंच. आई म्हणे येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातूनच परत पाठवत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी उठून परसदारी गेले. आई तांदूळ पाखडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सवयीनं हात पुढे करून सूप घेतलं. आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"आत जा," ती म्हणाली. "निज आणखी थोडी."