वासावरचं मीठ

महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात जीभ बांधून ठेवावी लागते. देवींना नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही म्हणजे नाही. सोळा भाज्या असोत, आंबील असो की कढी, मीठ अंदाजानं घालायचं आणि हात जोडायचे. आमच्या गल्लीत मात्र हात जोडायच्या आधी माझ्या सासूबाईंना बोलवायची पद्धत होती. आई उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, कोणीतरी गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण उचलायचं, आई मान पुढे करून एक श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "मीठ हाय," नाही तर, "चिमूटभर टाक अजून." मिठाला कुठं वास असतो, असं मी बोरी अरबहून लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं. "मिठाले नसन, शिजलेल्या अन्नाले असते," त्या म्हणाल्या. मिठात त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. बाकी बाबतीत भरपूर चुकायच्या, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक!

मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. टीममधल्या कोणी नवा कोड टाकला की तो आपोआप तपासला जातो आणि पुढे सर्व्हरवर चढतो. आधी काय करायचं, मग काय, हे सगळं एका फाइलीत लिहिलेलं असतं, आणि ती फाइल माझ्या गळ्यात आहे. फाइल मोठी सोवळ्याची. एक ओळ दोन स्पेस इकडं सरकली की सगळ्यांचं काम ठप्प, आणि ग्रुपवर माझ्या नावानं शंख. म्हणून फाइल लावायच्या आधी तिचा मजकूर वेब एपीआयवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ठरलेल्या वाटेनं, तपासणाऱ्या सर्व्हरकडे पाठवायचा. तो त्यातलं काही चालवत नाही, नुसतं वाचतो आणि कळवतो: बरोबर आहे, किंवा चुका अशा अशा आहेत.

दिवसभर लॅपटॉपला काय विचारत असतेस, असं आईंनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "आई, तुमच्या मिठासारखंच आहे. चाखायचं नाही, नुसतं पाहून सांगायचं."

"म्हंजे तुह्या कंपनीनंबी माह्यासारखी एक बुढी ठेवली हाय!"

झालं. तेव्हापासून सर्व्हरचं नाव बुढी. जेवायला बसलं की पहिला प्रश्न, "तुही बुढी काय म्हणे आज?" मीही सांगायचे, बुढी आज चिडली, बुढीनं तीन चुका काढल्या. त्यांना त्यात फार गंमत वाटायची.

यंदा महालक्ष्म्या तोंडावर आल्या असताना एक घोळ सापडला. सर्व्हरला विचारायचं काम आमच्याकडे एक छोटी स्क्रिप्ट करते. ती लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेला. उत्तर आलं की ती हिरवी खूण दाखवते नाही तर लाल. त्या दिवशी मी घाईत एक ओळ अर्धवट चिकटवली, शेंबड्या पोरालाही कळेल अशी चूक, आणि खूण हिरवी! म्हटलं काहीतरी गडबड आहे. सर्व्हरचं उत्तर उघडून पाहिलं तर काय, आमच्या परवानगीची मुदत कधीच संपलेली. सर्व्हर दरवेळी म्हणत होता, तुम्ही कोण, आधी ओळख द्या. साहजिकच त्या उत्तरात चुकांची यादी नव्हती. आणि स्क्रिप्ट फक्त यादी शोधायची. यादी नाही, म्हणजे चूक नाही, म्हणजे हिरवी! कोणी पाहिलंच नाही, म्हणून बरोबर? कपाळ माझं!

जेवताना मी धुमसतच होते. आईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"बुढीनं पाहिलंच नाही आई, कितीतरी दिवसांपासून. आणि आम्ही खुशाल बसलो."

"मंग सांगाले नको का तिनं, का मी पाह्यलं नाही म्हणून?"

"तिनं दरवेळी सांगितलं. ऐकणाराच बहिरा."

आईंचा भाकरीवरचा हात थांबला. "हो," त्या म्हणाल्या, "ऐकाले पायजे होतं." आणि पाणी आणायला उठल्या. मी आपली माझ्या रागात. दुपारी स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ती तीन उत्तरं देते: बरोबर, चूक आणि तपासलं नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळपासून दोघी सोवळ्यात होतो. कढीला उकळी येत होती. कढीत मीठ आधी घातलं तर ती फुटते, म्हणून मी ते शेवटासाठी ठेवलेलं. तेवढ्यात आई आल्या, गंजावर वाकल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय."

मला हसूच येणार होतं. पण आई कढीकडे पाहत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

मग एकेक आठवत गेलं. हिवाळ्यात त्यांना जबर ताप आला होता. त्यानंतर दूध जळून घरभर वास सुटला, तरी त्या शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. गॅस बंद आहे ना, असं दहादा विचारायच्या. आणि श्रावणात तर सरळच म्हणाल्या होत्या, "यंदा मिठाचं तूच पाह्य वो, माह्या भरवशावर राहू नको." मी काय म्हणाले? "आई, नखरे नका करू." ऐकणाराच बहिरा!

"वास येत नाही ना?" मी हळूच विचारलं.

त्यांनी माझा दंड धरला. "कोणाले सांगू नको, पोरी. गुडघे गेले, डोळे गेले. लोक इचाराले येतात, तेवढंच राह्यलं माह्याजवळ."

एवढ्यात समोरच्या घरातून काकूंची हाक आली. "मावशी, या वो, आंबील झाली!"

"मी सांगते त्यांना, तुम्ही कामात आहात," मी म्हटलं.

"काहून? दरसाली जाते मी," म्हणत आई निघाल्या. गॅस बंद करून मी मागोमाग. माझा जीव टांगणीला लागला होता.

काकूंनी झाकण उचललं. वाफ आली. आईंनी मान पुढे केली, श्वास घेतला, तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मले वास येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या थंडीतल्या तापापासून. तुह्या आंबिलीचं मले सांगता येत नाही."

झाकण हातात धरूनच काकूंनी विचारलं, "मंग मंगळागौरीच्या वरणाले बरोबर हाय म्हटलं, ते?"

"तुहं तोंड पाहून म्हटलं."

काकू हसल्या नाहीत. "बरं," म्हणून त्यांनी झाकण ठेवलं. आम्ही परत आलो. आई देवींसमोर बसून त्यांच्या साड्यांच्या निऱ्या नीट करत राहिल्या, त्या आधीच नीट होत्या. फार वाईट वाटलं मला. खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. काकूही आल्या, पदराखाली झाकलेली वाटी घेऊन. मी कढी वाढत गेले. आईंनी पहिला भुरका मारला आणि द्रोण खाली ठेवला.

"अवो सूनबाई! मीठ कुठी हाय कढीत? सपक कढी देवीले दाखवली तुनं?"

अगं बाई! त्या धांदलीत मीठ घालायचं राहूनच गेलं होतं. पंगत खाली माना घालून हसायला लागली. आई ओरडत होत्या, आणि त्या हिवाळ्यापासून एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. नाक गेलं होतं. जीभ जागेवर होती.

काकूंनी पदराखालची वाटी त्यांच्यापुढे धरली. "मावशी, नैवेद्य झाला आता. माह्याकडची पंगत बसाची हाय. चाखून सांगा."

आईंनी आंबिलीचा घोट घेतला, डोळे मिटले. सगळी पंगत थांबली.

"चिमूटभर टाक अजून," त्या म्हणाल्या.

काकू लगबगीनं घराकडे निघाल्या. मी मिठाचा डबा शोधत होते आणि डोळ्यांतल्या पाण्यानं मला तो दिसत नव्हता.

"रडून कायले राह्यली वो?" आई पंगतीतून ओरडल्या. "त्यानं कढी खारी होते काय? मीठ आण!"