मागच्या दाराने बघितलेलं घर

अक्काचे वडील तिला पहिल्या बाळंतपणाला न्यायला अळणावरहून आले होते, तेव्हाचं हे भांडण. मी या घरात नवी सून, मागच्या पडवीत डाळ वाटत बसलेली. हात थांबवला असता तर ऐकतेय हे कळलं असतं, म्हणून डाळीचं अगदी गंध होईपर्यंत वाटत राहिले.

"स्थळ बघायला आलात तेव्हा काय बघितलंत, अप्पा?" अक्का विचारत होती.

"सगळं बघितलं की. घराणं, दुकान, मुलगा."

"पुढच्या खोलीत बसून पोहे खाल्लेत. मागच्या दाराने आलात एकदा तरी? स्वयंपाकघराला खिडकी नाही. धुराने माझे डोळे जळतात, आणि म्हणे सगळं बघितलं!"

"मुलीच्या बापाने मागच्या दाराने जायचं असतं होय गं?"

"मुलीच्याच बापाने जायचं असतं!"

वरवंटा तेवढा चालू होता.

ही अक्का म्हणजे हेमावती, माझी थोरली जाऊ. तिचं भांडण आणखी एका माणसाने ऐकलं होतं. तिचे यजमान, माझे थोरले दीर, सदाशिवअण्णा. बाळ घेऊन अक्का परत आली तर स्वयंपाकघराच्या भिंतीत नवी कोरी खिडकी! सासूबाईंनी विचारलं, भिंत का फोडलीस रे? अण्णा म्हणाले, "मला धुराने शिंका येतात." जेवणाशिवाय स्वयंपाकघराकडे न फिरकणारा माणूस! त्या दिवशी अक्काने त्यांच्या पानात तूप जरा सैल हाताने वाढलं, एवढं मी बघितलं.

अण्णांचं दुर्गदबैलाच्या बाजारात खणा-लुगड्यांचं दुकान. घरात मराठी, दुकानात पाय ठेवला की कानडी. "बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा. हे ते असं म्हणायचे की नुसतं सावलीला थांबलेलं माणूससुद्धा आत येऊन बसायचं. मग मनगटाच्या एका झटक्यात लुगड्याची घडी सुटायची आणि पदर बरोबर बाईच्या पुढ्यात. बाई म्हणायची, उद्या येऊन बघते. अण्णा म्हणायचे, बाजूला काढून ठेवतो.

पंचाहत्तरी झाली आणि विसरायला लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग स्वतःच्या मुलाचं नाव. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणाले. आम्हाला तो शब्द तोंडात बसवायलाच आठवडा गेला. दुकान बंद करावं लागलं. तशी अण्णांनी घरातच दुकान मांडलं. कपाटातली लुगडी, पांघरुणं, पडदे, सगळं उलगडून ठेवायचं. अक्का घड्या घालायची, ते उलगडायचे. घड्या घालता घालता एक दिवस अक्का चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही एवढंच.

मुकुल, तिचा मुलगा, बंगळुरूहून धावत आला. त्याने एका ब्युरोकडून दिवसभरासाठी माणूस आणला. त्या माणसाने पहिलं काम काय केलं, तर कपाटांना कुलपं लावली. अण्णा कुलपापुढे उभे राहून खिसे चाचपायचे, दुकानाची किल्ली घरी राहिल्यासारखे. शेवटी त्यांनी त्या माणसावर हात उगारला. जन्मात गिऱ्हाइकाला उलटून न बोललेला माणूस तो! अक्काने त्याच दिवशी ब्युरोच्या माणसाला चहा पाजला आणि रजा दिली.

मग मुकुल अण्णांना दिवसभर ठेवायला जागा शोधायला लागला.

"आई, ही संस्था बघ. तिथली माणसं मराठी बोलतात. डॉक्टर म्हणतात, मागून शिकलेली भाषा आधी जाते. अण्णांची कानडी जाणार. त्यांना आपली माणसं हवीत."

फोनमध्ये फोटो होते. दारात कारंजं, आत मऊ सोफे.

"पुढची खोली छान आहे," अक्का म्हणाली.

मी मनात म्हटलं, मुकुल, आता बघच तू.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी आम्ही दोघी रिक्षाने तिथे. अक्काने कारंज्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कुंपणाच्या कडेकडेने मागे निघाली. वॉचमनने अडवलं.

"कुठे, अज्जी?"

"भांडी घासायचं काम मिळेल का विचारायला आले."

त्याने तिच्या जरीकाठाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि ह्या?"

"ही विसळेल."

त्याने सोडलं. बहुतेक हसू आवरायला त्याला वेळ हवा होता.

मागच्या दाराशी ताटं परत येत होती. भात तसाच, भाजी तशीच. आत एक आजोबा खुर्चीत होते, कमरेला ओढणी, तिची गाठ खुर्चीच्या पाठीशी. एक बाई त्यांच्या हातातला रुमाल काढून घेत म्हणत होती, "किती वेळा सांगायचं, आजोबा? हात मांडीवर!"

परतताना रिक्षात अक्का एवढंच म्हणाली, "मराठी शुद्ध होती हो."

त्यानंतर तिने विचारायची पद्धतच बदलली. कुणाच्या घरचं म्हातारं माणूस कुठे जातं हे कळलं की ती तिथल्या सोयी विचारत नसे. विचारायची, "घरी आल्याआल्या ते पहिलं काय करतात?" मळमड्डीतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, त्यांची बहीण आली की तांब्याच तोंडाला लावते, दिवसभर पाणी न मिळाल्यासारखी. अक्काने ती जागा सोडली. एका घरची आजी आल्याआल्या झोपते म्हणे, गुंगीचं औषध दिल्यासारखी. तीही सोडली. मग बाजारात एक ओळखीची बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "काय सांगू, आमच्या सासूबाई उणकलहून भांडत येतात. दीपश्रीने आज मला सोलायला लसूण कमी दिला, म्हणून!"

अक्काने माझा हात धरला. "चल, सरू."

उणकलच्या तळ्यामागे दीपश्री नावाच्या नर्सबाईचं घर. तिथेच तिने म्हाताऱ्या माणसांची दिवसाची सोय केलेली. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. पुढच्या खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं, चपलांचा ढीग होता. मागे गेलो तर ओळीने अज्ज्या लसूण सोलत बसलेल्या आणि एकमेकींची सोललेली पाकळी पळवत होत्या. ताटं येत होती ती बोटाने पुसून खाल्लेली. बोलणं सगळं कानडी.

मुकुलला हे पटेना. "आई, तिथे मराठीचा एक शब्द नाही! अण्णा तिथे परके होतील."

"तुझे अण्णा अर्धं आयुष्य तिथेच होते."

"उणकलला?"

"कानडीत."

एवढ्यावर निभावलं असतं, पण आमची नणंद चहाला आली आणि म्हणाली, "वहिनी, शेवटी नेऊन टाकणार म्हणे नवऱ्याला?"

"टाकत नाही, देतेय," अक्का म्हणाली. "मागच्या दाराने घर बघून देतेय. तुम्हाला दिलं तेव्हा कुणी एवढं बघितलं होतं का, सांगा?"

नणंदेने चहा गरमच पिऊन टाकला.

पहिल्या दिवशी मुकुल मुद्दाम बंगळुरूहून आला. अण्णा दीपश्रीच्या पायरीशी अडले. चढेनात. अक्काचा पदर मुठीत. मुकुल हळूच म्हणाला, "बघितलंस, आई? चल, परत नेऊ या." अक्काचं तोंड मी बघत होते. इतकी घरं पालथी घालून हे एक निवडलेलं, आणि मुलगा उलटी वाट दाखवतोय. पुन्हा घरी म्हणजे पुन्हा कुलपं. तरी ती हलली नाही. "उभे राहू दे त्यांना. गिऱ्हाईकसुद्धा दारात थांबतं," म्हणाली.

तेवढ्यात आत कुणीतरी दोरीवरच्या वाळलेल्या चादरी आणून खाटेवर टाकल्या. ढीगच पडला.

अण्णांनी पदर सोडला. पायरी चढले. खाटेवर मांडी घालून बसले, वरची चादर उचलली आणि मनगटाचा तो झटका! चादर सरळ लसूणवाल्या अज्ज्यांपुढे.

"बर्री, कुंदर्री!"

एक अज्जी लसूण टाकून उठली. जवळ बसून काठ चिमटीत धरला आणि कानडीत विचारलं, रंग जाईल का हो? अण्णा म्हणाले, तुमच्या नातीच्या लग्नापर्यंत नाही जाणार. इतक्या महिन्यांत ते एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते.

अक्काने दीपश्रीला एकच विचारलं. "चादरी रोज धुता?"

"रोज."

"मग रोज उलगडू द्या."

दीपश्री हसली. "अज्जी, घड्या घालणाऱ्या खूप आहेत माझ्याकडे. उलगडणारंच कुणी नव्हतं."

मुकुल तळ्याकडे तोंड करून चष्मा पुसत राहिला. मग आईजवळ येऊन म्हणाला, "तू हे कुठे शिकलीस?" अक्का म्हणाली, "एका खिडकीत." त्याला कळलं नाही. मला कळलं.

त्यानंतर आमच्या नात्यातल्या आणि गल्लीतल्या कितीतरी लोकांनी म्हातारी माणसं ठेवायची जागा बघायला जाताना अक्काला बरोबर नेलं. शिकलेली, गाडीवाली माणसं. अक्का पुढच्या सीटवर बसायची आणि सांगायची, "गाडी मागच्या बाजूला घे." मी मागे बसून मान ताठ करून बघायची, कुणी ओळखीचं बघतंय का आम्हाला.

यंदा गणपतीच्या आधी अक्का गेली. दुपारी आडवी झाली ती उठली नाही. अण्णांना आता माझा मुलगा सोडतो, आणि जेवणाच्या वेळी मी जाऊन येते, मागच्या दाराने.

अक्का गेली त्या दिवशीही जेवणाच्या वेळी आम्ही दोघी गेलो होतो. मागच्या दाराशी तिने चपला काढल्या, शेंगाचटणीचा डबा दीपश्रीच्या हातात दिला आणि अण्णांपुढे जाऊन बसली. बायकोला ते ओळखत नव्हते. गिऱ्हाइकाला ओळखत होते.

"बर्री, अक्कारे, कुंदर्री." अक्कारे म्हणजे ताई, दुकानात प्रत्येक बाईला म्हणायचे तेच. हिरवी चादर तिच्या पुढ्यात आली.

तिने काठ चिमटीत धरून बघितला. "रंग पक्का आहे ना?"

"तुम्हाला खोटं सांगीन का?"

"उद्या येऊन बघते."

"बाजूला काढून ठेवतो." त्यांनी ती एक चादर घडी घालून उशाशी ठेवली.

अक्का उठली. दारात परत आलेल्या ताटाकडे बघितलं. पुसलेलं होतं. चपला पायात सरकवल्या, "चल, सरू," म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.